अमावस्या हॉकी संघ, लासलगाव

सातपूर, नाशिक
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. झुंबरमामांस,
राकेशचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र आलेलं पाहून हसाल. पण गळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला फोनवर बोलता येत नाही, आणि मेसेज तुम्ही मामीला वाचायला लावता. मामी निम्मा गाळते. म्हणून पोस्टात टाकतो आहे.

आपली पोरं सुखरूप पोचली. आठजण अंबडच्या पाइपच्या कारखान्यात लागले, तिघांचं पुढच्या महिन्यात होईल असं साहेब म्हणाले. दोन खोल्या दिल्या आहेत. मैदान सपाट आहे आणि त्यावर एकही ट्रॅक्टर उभा नसतो. बंटी म्हणतो, इथं चेंडूला कांद्याचा वास येत नाही म्हणून करमत नाही.

नवे कोच शिट्टीवाले आहेत. पोरं अजून तुमच्या टाळ्यांवरच खेळतात. परवा मैदानाकडेला एकानं तंबाखू मळून दोनदा हात झटकले, तर बंटी चांगला गोलजवळ पोचलेला, चेंडू सोडून मागे जागेवर पळत आला. कोचना काही कळेना. मग मी समजावलं, की मामांचा आवाज गेल्यापासून आमच्यात असंच चालतं. एक टाळी म्हणजे पास दे, दोन म्हणजे जागेवर परत ये, तीन म्हणजे मागे न बघता पुढे घूस. कोच हसले, पण वहीत लिहून घेतलं.

आता मुख्य काम. टीम आता कारखान्याची, म्हणजे नाशिकची झाली म्हणून साहेबांना नवं नाव, नवं चिन्ह आणि नवे शर्ट हवे आहेत. स्पर्धेचा फॉर्म २६ तारखेच्या आत भरायचा आहे. काम आमच्या फ्लेक्सच्या दुकानाला आलं आणि मालकांनी ते मलाच दिलं. चार नमुने दाखवायचे आहेत. मी भीत भीत विचारलं, की त्यातला एक जुन्या नावाचा ठेवू का, तर हरकत नाही म्हणाले. 'लासलगाव'च्या जागी फक्त 'नाशिक' येईल. काळा शर्ट तोच, छातीवरची पांढरी गोल कडी तीच.

मामा, कडीची रेघ नेमकी किती जाड होती? मी अर्धा इंच धरली आहे. मामीनं पहिली कडी कशानं आखली होती तेही विचारून कळवा. अंदाजानं करायला मन घेत नाही.

मामीस जयभीम. गळ्याला मफलर बांधत जा. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुमचा भाचा,
राकेश

•

लासलगाव
११ जानेवारी

चि. राकेश यास,
अ. उ. आ. व जयभीम.

पत्र भेटलं. तुझं अक्षर पाहून मामी म्हणाली, छापून आणलंय का. तुझ्यासारखं ऱ्हस्व-दीर्घ मला जमायचं नाय, चुकलं तर मनात सुधारून घे.

कडी मामीनं चहाच्या बशीनं आखली होती. बशी अजून हाय, कड फुटली हाय. शाळेचे जुने पांढरे शर्ट आणले, बशी ठेवून मेण फिरवलं, मग पातेल्यात काळा रंग उकळून त्यात सोडले. मेणाखाली पांढरं राहिलं, तीच कडी. कुणाची जाड, कुणाची बारीक. तू अर्धा इंच म्हणतोस तर अर्धा इंच.

साहेबानं विचारलं तर नावाची गोष्ट नीट सांग. अमावस्येला यार्डात लिलाव नसायचा. व्यापारी म्हणायचे दिवस खोटा. आम्हा हमालांना तेवढीच सुट्टी आणि तेवढंच रिकामं मैदान. म्हणून महिन्याची मॅच अमावस्येला. आम्ही पोरं घेऊन निघालो की एक दिवाणजी दारातून ओरडायचा, आली बघा अमावस्या. मी म्हटलं, बरं सापडलं, हेच नाव. दुसऱ्या महिन्यात शर्टावर घातलं. मग त्याचं ओरडणं बंद झालं.

आता अमावस्येलाही लिलाव असतो. हमालाला काम वाढलं, ते बरंच झालं. पण मैदान गेलं आणि पोरं गेली. नाव तरी चाललं पाहिजे. एवढं तुझ्याकडं मागतो, बाकी काय नाय.

लाल कांद्याची आवक लय हाय. मामीचा गुडघा दुखतो. तुझी आठवण रोज निघते.

तुझा मामा,
झुंबर

•

सातपूर, नाशिक
रविवार, १९ जानेवारी

ती. झुंबरमामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र दोन दिवस उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

शुक्रवारी साहेबांना नमुने दाखवले. त्यांनी 'गोदा गरुड' हे नाव ठरवलं. शर्ट नारिंगी, छातीवर पांढरा गरुड, पंख पसरलेला. पंखाची पिसं मी एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला अकरा काढली आहेत. काम स्वच्छ झालं आहे. साहेबांचं म्हणणं पडलं की नव्या गावात नवं नाव बरं. त्यापुढे माझं काही चाललं नाही.

पोरांना सांगितलं. बंटी उठून हात धुवायला गेला.

इकडे थंडी आहे. मामीच्या गुडघ्याला तेल कोमट करून लावावं. बशी जपून ठेवावी. कृपा असू द्यावी.

तुमचा,
राकेश

•

लासलगाव
२९ जानेवारी

चि. राकेश यास,
अ. उ. आ. व जयभीम.

आज अमावस्या. यार्डात तीनशेवर गाड्या हायत. दुपारी सुट्टीत चक्कर मारली. जिथं आपला गोल असायचा तिथं एक डंपर उभा होता.

रविवारी बंटी घरी आला होता. भाकरी खाता खाता म्हणाला, साहेबांना आपलंच नाव पहिल्यांदा आवडलं होतं, त्यांनी काळा शर्ट अंगाला लावून पाहिला होता, असं कारखान्यातला शिपाई सांगत होता. मग मला समजेना. आवडलं होतं तर गेलं कुठं? तुझ्या पत्रात त्याची एक ओळ नाय. गरुडाची पिसं मात्र मोजून लिहिली हायेस.

काय झालं ते लिही. रागवायला आता मला आवाज नाय, तेव्हा भ्यायचं कारण नाय.

मामीनं शेंगदाण्याची चटणी बंटीकडं दिली हाय, त्यानं सगळी संपवली नसेल तर माग.

झुंबरमामा

•

सातपूर, नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी

ती. झुंबरमामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

आमच्या दुकानात एक पद्धत आहे. गिऱ्हाईकाला नमुना दाखवताना त्याखाली दोन ओळी लिहायच्या. पहिली फायदा, दुसरी अडचण. मागे एका लग्नाच्या फ्लेक्सवरून भांडण झालं, तेव्हापासून मालकांनी ही पद्धत घातली, आणि सगळ्यांत काटेकोरपणे ती मीच पाळतो. चारही नमुन्यांखाली मी दोन-दोन ओळी लिहिल्या. गरुडाखाली लिहिलं, अडचण: पक्ष्याचं चिन्ह बऱ्याच संघांचं असतं. आपल्या नावाखालची अडचणीची ओळ मी शेवटपर्यंत मोकळी ठेवली होती. मग वाटलं, मामाची टीम म्हणून याला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये. गुरुवारी दुकान बंद करताना लिहिली.

साहेब मूळचे मदुराईकडचे. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांनी आधी चित्रंच पाहिली. आपला काळा शर्ट उचलला, अंगाला लावला. विचारलं, ही कडी कसली. मी तुमची सगळी गोष्ट सांगितली, दिवाणजीसकट. ते खूश झाले. म्हणाले, त्यांच्या गावाकडे अमावस्या चांगली मानतात, नवीन काम त्या दिवशी सुरू करतात. त्यांच्या वडिलांनी पहिलं दुकान अमावस्येलाच उघडलं होतं. माझ्या पाठीवर हात ठेवला. मामा, तेव्हा नाव ठरलंच होतं.

मग त्यांनी खालची ओळ मॅनेजरकडून वाचून घेतली. अडचण: या भागात पुष्कळ लोक हा दिवस अशुभ मानतात.

साहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाले, बरं झालं तू लिहिलंस, आमच्या लक्षात आलं नसतं. आमचे पाइप इथले शेतकरी घेतात. शर्ट त्यांनी घडी घालून माझ्याकडे परत दिला. घडी नीट घातली, टाकला नाही.

मी म्हणायला हवं होतं, की साहेब, ती ओळ चुकीची आहे. वीस वर्षं आमचे मामा त्याच दिवशी मॅच लावत आले आणि कुणाचं काही वाकडं झालेलं नाही. मी उभा राहिलो आणि ओळीतलं 'अशुभ' शुद्ध लिहिलं आहे की नाही ते बघत राहिलो. शुद्ध होतं.

तुम्ही एवढंच मागितलं होतं. मी ते आधी मिळवलं आणि माझ्याच हातानं घालवलं. वर तुम्हाला खोटं लिहिलं.

काय शिक्षा द्यायची ती द्या.

राकेश

•

लासलगाव
१८ फेब्रुवारी

चि. राकेश यास,
जयभीम.

पत्र वाचून दोन दिवस मी कुणाशी खूणसुद्धा केली नाय. मामीला वाटलं गळा परत दुखतोय.

खरं लिहितो. नाव गेलं त्याचं एवढं लागलं नाय. नावं जातात. पण दिवाणजी दारातून जे ओरडायचा, ते मी शर्टावर घेऊन त्याचं तोंड बंद केलं होतं. तेच तू इतक्या चांगल्या अक्षरात पुन्हा लिहिलंस, आणि ते पण अडचण म्हणून. ते लागलं. तुझ्या मनात तसं नव्हतं, हे मला ठाऊक हाय. तू लहानपणापासून असाच. गोलमध्ये उभा असायचास आणि चेंडू रेघेच्या आत गेला की पंचाच्या आधी तूच हात वर करायचास. पोरं तुला शिव्या द्यायची, मी हसायचो. तेव्हा मी हसलो, आता का रडू?

शिक्षा म्हणतोस तर ऐक. हमाल शेडची भिंत रंगवायला काढली हाय. आपलं नाव कडीसकट तिच्यावर हाय, तू सोळा वर्षांचा असताना लिहिलेलं. सुतळी ताणून, खडूनं रेघा मारून तीन दिवस घेतले होतेस. ठेकेदाराचा माणूस कसाही बोळा फिरवील, ते मला बघवायचं नाय. मी त्याला सांगितलंय, तेवढी भिंत सोड. तू ये. तू लिहिलंस, तूच पूस.

मामी वाट बघते.

झुंबरमामा

•

सातपूर, नाशिक
सोमवार, ३ मार्च

ती. झुंबरमामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल रात्री सुखरूप पोचलो. मामीनं दिलेला डबा पोरांनी खोलीवर उभ्या उभ्या संपवला.

दिवसभर आपण एकमेकांशी काहीच बोललो नाही, म्हणून लिहितो. तुम्हाला आवाज नव्हता आणि मला तोंड नव्हतं. तुम्ही शिडी धरून उभे होता. मी मुद्दाम 'लासलगाव'पासून सुरुवात केली आणि 'अमावस्या' शेवटी ठेवलं. तुम्हाला ते कळलं असावं, कारण तुम्ही शिडी एकेक पाऊल सरकवताना घाई केली नाही. कडीवर ब्रश फिरवताना हात थांबला. तेव्हा तुम्ही खालून शिडीला हलकेच थोपटलंत, आणि मी पुढे गेलो.

दोन हात मारूनही काळं खालून दिसत होतं. तिसरा मारू का असं मी खुणेनं विचारलं. तुम्ही मान हलवली, राहू दे. ते सुकल्यावर अजून दिसेल. ऊन तिरकं पडल्यावर तर वाचताही येईल. ठेकेदार काही म्हणाला तर मला कळवा. आयुष्यात पहिल्यांदा मी काम अर्धवट सोडून आलो आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आता जे लिहायचं आहे ते हे. संध्याकाळी स्टँडवर बस सुटली तेव्हा मी खिडकीत होतो. तुम्ही मामीच्या शेजारी उभे होता. बस हलली, आणि तुम्ही दोन टाळ्या वाजवल्या.

मामा, मला त्या ऐकू आल्या. स्वच्छ ऐकू आल्या. माझे पाय उठले होते. कंडक्टरनं विचारलं, उतरायचं आहे का. मी नाही म्हणालो. आज सकाळी गरुडाचे शर्ट छापायला लागायचे होते, म्हणून नाही म्हणालो. दुसरं काही कारण नव्हतं.

तुमच्या टाळीवर मैदानावरचा प्रत्येकजण परत आला. मीच एक आलो नाही. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून या वेळी मीच लिहितो.

मामीस जयभीम. मनातून काढून टाकू नये, ही विनंती.

तुमचा,
राकेश

•

लासलगाव
८ मार्च

चि. राकेश यास,
अ. उ. आ. व जयभीम.

मी ठीक, मामी ठीक. भिंतीबद्दल कुणी काय बोललं नाय. पाचच्या उन्हात वाचता येतं, तू म्हणालास तसं. हमाल पोरं चहा प्यायला मुद्दाम तिथंच बसतात.

शर्ट नीट छाप. पिसं अकरा-अकराच ठेव. पहिल्या मॅचला बंटीला सांग, कोचची शिट्टी ऐकायची, बघ्यांची टाळी नाय.

स्टँडवरच्या दोन टाळ्या खऱ्या. हात आपोआप गेले, म्हातारपण. बस थांबली नाय, ते मी बघितलं. मग ती विंचूरकडं वळली, धूळ खाली बसली, मामी चला म्हणायला लागली. तेव्हा मी तिसरी वाजवली. ती तुला ऐकू जाण्यासारखी नव्हती, म्हणून लिहून कळवतो.

माया हाय तेवढीच हाय. पत्र टाकत जा.

तुझा मामा,
झुंबर