ताटांच्या झडपेची खिट्टी आणि फलक क्रमांक चार

प्रति,
मा. अधीक्षक,
जुन्या इमारती जतन विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : जुन्या जिल्हा कारागृहाच्या इतिहासाच्या फलक क्र. ४ वरील एक वाक्य सोमवारच्या उद्घाटनापूर्वी बदलण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांना आपल्या कार्यालयाकडून आलेली तीन उत्तरे.

महोदय,

१. कारागृहाच्या इमारतीतच जेलरचे राहते घर होते. त्या घराच्या स्वयंपाकघरातून कोठड्यांच्या बोळात ताटे सरकवण्यासाठी भिंतीत एक झडप आहे. झडपेला स्वयंपाकघराच्या बाजूने असलेली लोखंडी खिट्टी चौदा सेंटिमीटर लांब व बारा मिलिमीटर जाड असून तिचे वजन अंदाजे सव्वाशे ग्रॅम भरेल. ती आडवी नाही, उभी आहे. खालून वर ढकलून ती चौकटीच्या भोकात बसवायची. तिला खालून कसलाही आधार नाही. ती वर टिकून राही ती केवळ गंजामुळे होणाऱ्या घर्षणाने, ही बाब कृपया ध्यानात घ्यावी.

२. फलक क्र. ४ वर असे लिहिले आहे की, फितूर झालेल्या पहारेकऱ्याने मुख्य दरवाजा उघडून दिला आणि एक घड्याळजी कैदी पळून गेला. हे वाक्य चुकीचे आहे. त्या सकाळी मुख्य दरवाजाचे कुलूप जसेच्या तसे होते. ते मी पाहिले आहे. घड्याळजी अंगाने काटकुळा होता. पहाटे बोळ झाडायचे काम त्याच्याकडे असे. झडप अडतीस बाय एकोणतीस सेंटिमीटर आहे. तो तिच्यातून स्वयंपाकघरात आला आणि मागच्या दाराने गल्लीत गेला. मी जेलरची मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची होते, आज त्रेसष्ट वर्षांची आहे.

३. सगळ्या कैद्यांचा स्वयंपाक आई एकटी करी. तिची मनगटे सुजलेली असत. खिट्टी इतकी घट्ट बसे की आईला ती लाटण्याने ठोकून वर-खाली करावी लागे. घड्याळजी पळाला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी कपडे धुण्याचा साबण खिट्टीला सगळीकडून चोळला, आईचे हात दुखू नयेत म्हणून. आईने खिट्टी एका बोटाने वर सारली आणि कौतुकाने माझ्याकडे पाहिले. पहाटे बोळ झाडताना झडपेला झाडूचा धक्का लागला असणार. खिट्टी आपल्या वजनाने खाली आली. पुढे एकतीस वर्षे मी शाळेत घर्षणाचा धडा शिकवला. उदाहरण म्हणून नेहमी उतरणीवरची पेटी घेतली.

४. वडिलांनी सकाळी खिट्टीला हात लावला आणि बोटे हुंगली. मग रॉकेलच्या फडक्याने ती पुसून काढली. त्यानंतर मला मोरीत नेऊन माझ्या नखांतला साबण त्यांनी काडीने काढला, एकेका बोटाचा. ते म्हणाले, “तू काही केलेलं नाहीस. लक्षात ठेव.” झडप त्यांच्या घरातली असल्याने नोकरी आणि घर दोन्ही गेले असते. अहवालात पहारेकऱ्याचे नाव गेले. आईने कुणाला काही विचारले नाही. त्या दिवसापासून मात्र ती खिट्टीला दोरी बांधू लागली.

५. माझ्या पहिल्या अर्जावर, मी त्या इमारतीत राहत होते याचा पुरावा मागवण्यात आला. कारागृहाकडे दाखला मागितला असता, माझ्या नावे दाखल झाल्याची वा सुटका झाल्याची नोंद नसल्याने माझे तेथील वास्तव्य मान्य करता येत नाही, असे कळवण्यात आले. दुसरा अर्ज मापांसह बांधकाम शाखेकडे गेला. खिट्टी सुस्थितीत असून दुरुस्तीची गरज नाही, असा शेरा मिळाला. तिसऱ्या उत्तरात संबंधित पहारेकऱ्याने समक्ष येऊन संमती द्यावी, ते शक्य नसल्यास तसे त्याने लेखी कळवावे, अन्यथा वारसाचे संमतीपत्र जोडावे, असे म्हटले आहे. पहारेकरी वारून एकोणीस वर्षे झाली. या तीन पाकिटांखेरीज यंदा माझ्या नावे टपाल आलेले नाही, त्यामुळे ती मी जपून ठेवली आहेत.

६. विनंती अशी की, सदर वाक्य काढून त्या जागी लिहावे : “जेलरच्या मुलीने खिट्टीला साबण लावल्यामुळे झडप उघडली. पहारेकरी निर्दोष होता.” वारसाचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.

ते कसे मिळाले, हे मुद्दा म्हणून मांडता येत नाही. त्यामुळे पुढील मजकुराला क्रमांक दिलेला नाही.

पहारेकऱ्याच्या मुलीचे इस्त्रीचे दुकान माझ्या घरामागच्या गल्लीत आहे. अकरा वर्षे मी तिथे जाते. सांगायचे ठरवून जाते आणि कपडे देऊन परत येते. एकदा ती हसून म्हणाली होती, “बाई, तुम्ही घरात एकट्या. आठवड्याला सात अभ्रे कोण चुरगाळतं हो?” वडिलांविषयी ती सहज बोले. नोकरी गेल्यावर त्यांना कुणी राखणीचे काम दिले नाही. घराला कुलूप लावले की ते बायकोला म्हणत, तू एकदा ओढून बघ. शेवटपर्यंत म्हणत. हे ऐकून मी अभ्र्यांची पिशवी उचलून घरी येई.

काल मी आपल्या कार्यालयाचे तिसरे पत्र घेऊन गेले. तिने ते वाचले आणि वडिलांच्या नावाचा हा काय घोळ आहे, असे विचारले. मी तिला सगळे सांगितले, आपणांस सांगितले त्याच क्रमाने: लांबी, जाडी, वजन, गंज. साबण लागल्यावर लोखंडाचे घर्षण किती कमी होते, तेही सांगितले. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

“मापं राहू द्या, बाई,” ती म्हणाली. “साबण कुणी लावला, तेवढं सांगा.”

चोपन्न वर्षांत हे वाक्य मी रिकाम्या घरातही मोठ्याने म्हटले नव्हते.

“मी लावला,” मी म्हणाले. “तुमच्या वडिलांनी काही केलं नव्हतं. सोमवारी तिथे सगळ्यांसमोर सांगणार आहे.”

तिने टेबलावरचा अभ्रा बाजूला सारला आणि तिथेच संमतीपत्र लिहून दिले.

आपली नम्र,
(सही)
निवृत्त विज्ञान शिक्षिका,
जुन्या कारागृहाच्या जेलरची मुलगी
दिनांक : १२ नोव्हेंबर