खुशालरावांची नजर

३ डिसेंबर १९६१, शेंदूरजनाघाट

आले एकदाची. अमरावतीहून दोन बस बदलून अंग आंबलं होतं, पण हातपाय धुवायच्या आधीच पुढ्यात संत्र्यांची टोपली आली. बाबांना घोर, पोरगी परक्या घरी कशी राहील. त्यांनी मला आता पाहायला हवं होतं.

पेशंट खुशालराव, या बागेचे मालक. डावा डोळा कधीचाच गेलेला, उजव्यात मोतीबिंदू. पाच वर्षं ठार आंधळे. गेल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी उजव्याचं ऑपरेशन केलं. चष्मा यायचाय, तोवर समोर काही हललं तर तेवढंच कळतं. डोळा धुणं, थेंब टाकणं, जवळून बाहुली तपासणं हे माझं काम. माणूस गोड आहे. कान तर असे की मी हे लिहितेय आणि दारातून म्हणाले, "नर्सबाई, निब बदला, कागद फाडून राहिली."

घरात बायको इंदूबाई, अर्ध्या तोंडावर पदर. बागेत म्हातारे डोमाजी. दोघंही मान खाली घालून वावरतात. इथली रीत असेल.

७ डिसेंबर

डोळा लालच. संशय आला म्हणून औषधाचा थेंब जिभेवर टेकवला, तर नुसतं पाणी. इंदूबाईंनी औषध ओतून टाकलं होतं. मी फाडफाड बोलले. त्यांनी गुमान पदर सरकवला. डावा डोळा नव्हता, नुसती खोबण.

"त्याईले कोनी पाह्यलेलं खपत नाही, बाई. त्याईचा डोया आला तं माया हा बी जाईन."

कीव आली, पण संताप जास्त. पाच वर्षं अंधारात काढून माणूस निवळत नाही का? नवी बाटली ट्रंकेत कुलूप लावून ठेवली.

१२ डिसेंबर

चष्मा आला, बाटलीच्या बुडाएवढा जाड. खुशालरावांनी संत्रं हातात फिरवून रंग पाहिला आणि रडले. मीही रडले. यासाठीच तर नर्स झाले.

तेवढ्यात घरचं कुत्रं येऊन समोर बसलं. शेपूट हलवत त्यांच्याकडे पाहत राहिलं. त्यांनी फावडं उचललं. डोक्याचा चेंदा झाला तरी ते मारतच होते. मग शांतपणे मला म्हणाले, की ते टक लावून पाहत होतं. माझ्या साडीचे डाग निघत नाहीत.

१३ डिसेंबर

थेंब टाकताना माझं मनगट धरलं. "रोज माया डोयात काय पाहता?" मी मान खाली घालून म्हणाले, काही नाही. थेंब गालावर पडला.

१५ डिसेंबर

डोमाजींनी संत्र्यांची पेटी देताना वर पाहिलं. नुसतं पाहिलं. खुशालरावांच्या हातात संत्री तोडायची कात्री होती. डोळ्यात. दोनदा. हे मी समोर उभी राहून पाहिलं.

ही नजर मी दिली.

त्याच दुपारी

इंदूबाई डोमाजींना बैलगाडीत घालून वरुडच्या दवाखान्यात निघाल्या. मी म्हटलं, खुशालराव झोपलेत तोवर चष्मा काढून घेते, मागोमाग येते. मीच दिली, मीच नेईन.

चष्मा माझ्याजवळ आहे. पण ते जागे झाले. फाटकाला कुलूप घातलं. मी संत्र्यांच्या कोठीत आहे, दाराला आतून कडी नाही. पोलिसांसाठी लिहून ठेवते: कुत्रं, डोमाजी, इंदूबाईंचा डोळा, सगळं खुशालरावांनी—

हाका मारतायत. गोड आवाजात. हातात कात्री वाजतेय.

हलायचं नाही. हलले नाही तर त्यांना दिसणार नाही—

पावलं दाराशी थांबली. मी श्वाससुद्धा रोखलाय. मग ऐकतायत तरी काय—

हसले. म्हणतात, नर्सबाई, निब बदलली नाही तुमी—