कडेवरची पोर

ताई,

हे पाठवणार नाही. तूही माझ्यासारखी कारखान्यात त्याच सुपरवायझर बाईच्या हाताखाली कपडे शिवतेस.

कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी रजा लिहून दिलीय, वजन उचलायचं नाही. परवा बाई अचानक घरी आली. छोटी रडत होती, मी तिला कडेवर घेऊनच दार उघडलं. चिठ्ठी दाखवायला गेले तर म्हणाली, "राहू दे गं, पोरगी दिसली तेवढं पुरे. हिला उचलतेस, मग कापडाचे गठ्ठे काय चावतात? सोमवारी ये, नाहीतर येऊच नकोस."

हिला उचललं की नंतर मला अंथरुणातून उठता येत नाही, ते बाईला कुठं दिसतं? पण नोकरी गेली तर हिला काय भरवू?

आता दार वाजलं की मी तिला खाली ठेवते, रडली तरी उचलत नाही. आज नुसती शेजारीण आली होती, तर कडी वाजताच छोटी आपणहून कडेवरून खाली सरकली. रडलीसुद्धा नाही गं.

तुझी घाबरट धाकटी