एकशे त्रेसष्ट नंबरची गाडी

मुराझ्झानो, १० फेब्रुवारी १९८५

ती. ओरेस्तेदादास,
सा. न. वि. वि. (गुडघ्यांमुळे साष्टांग मनातल्या मनात.)

ह्यांनी सशांची खुराडी पाडून गॅरेज बांधलं. ससे सध्या स्वयंपाकघरात आहेत. तुमच्या कारखान्याची ती रॅलीची छोटी गाडी ह्यांनी नोंदवलीय, आणि त्यासाठी हेझलनटची बाग विकली. वीस हिवाळे घाटातल्या वळणावर शेकोटीशी उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या पाहिल्या, आता एकदा तरी तिथून स्वतः जाणार म्हणे. दोनशेच का बनवतात, असं मी विचारलं. दोनशे बनवून दाखवल्याशिवाय शर्यतीत घेत नाहीत, तुला नाही कळायचं, म्हणाले. आमचा नंबर १६३. नंबरच्या पट्ट्या तूच बसवतोस, तेव्हा आपली गाडी जरा मायेनं बघ.

लोभ असावा, सशांवरही.
तुझी इर्मा

तोरिनो, ६ मार्च १९८५

चि. इर्मास अनेक आशीर्वाद.

वाचून हे पत्र चुलीत घाल. काल शर्यतवाल्यांचे तपासनीस दोनशे गाड्या मोजायला आले. बनल्या होत्या शंभर, शंभरच्या शंभर पांढऱ्या. पुढच्या आवारात त्या मोजून झाल्यावर साहेबांनी पाहुण्यांना जेवायला नेलं. सारण भरलेली आन्योलोत्ती, उकडलेलं मांस, बारोलोची वाइन, वर ग्राप्पाची कडक दारू. तीन तास. तेवढ्यात आम्ही त्याच गाड्या मागच्या आवारात नेल्या आणि मी पट्ट्या बदलून १०१ ते २०० नंबर लावले. पाहुण्यांनी पुन्हा शंभर मोजल्या. एकानं गरम बॉनेटवर हात ठेवला आणि ऊन छान पडलंय म्हणाला. धुक्यात त्याला स्वतःचे बूट दिसत नव्हते.

तुमची १६३ म्हणजे ६३च. उरलेल्या पुढे बनवू म्हणतात. मी तोंड उघडलं तर पेन्शनला मुकेन. सेवेरिनोरावांना काय सांगू?

तुझा दादा

मुराझ्झानो, २ मे १९८५

ती. दादास, नमस्कार.

ईस्टरला आलास तेव्हा सांगशील वाटलं होतं. आपली पाहिलीस का, असं ह्यांनी विचारलं, तर तू म्हणालास, लाल आहे! १६३ तपासणीत पास झाल्याचं कंपनीचं पत्र ह्यांनी चौकटीत लावलंय. पाद्रीबाबांकडून रिकाम्या गॅरेजवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. बारमधले विचारतात, गाडी इतकी जोरात पळते का, की दिसतच नाही? हे हसतात. मला सांगवत नाही.

इर्मा

तोरिनो, ९ जून १९८६

चि. इर्मास,

शर्यतवाल्यांनी असल्या गाड्यांचा तो वर्गच बंद केला. आता गाड्या बनणार नाहीत. कंपनी पैसे परत देईल, बाग कोण देणार? सोबत पितळी पट्टी पाठवतोय. १६३ मधली खरी वस्तू एवढीच निघाली. हे पत्र सेवेरिनोरावांना वाचून दाखव. पांढऱ्या शंभर गाड्यांचंही सगळं सांग. मला त्यांच्यासमोर यायची हिंमत नाही.

दादा

मुराझ्झानो, १७ जून १९८६

ती. दादास,

सगळं सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पट्टी शर्टाला पुसली आणि गॅरेजच्या आतल्या भिंतीवर ठोकली, गाडीचं नाक आलं असतं तितक्या उंचीवर. मग तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. मी ससे आत सोडले.

संध्याकाळी एवढंच म्हणाले, ओरेस्तेला विचार, लाल होती ना?

दादा, लाल होती असं लिही. लवकर लिही.

लोभ आहेच, तो कुठे जातोय.
इर्मा