सदतिसावा प्रश्न

रविवार, ९ तारीख
दुपारचे तीन

चि. धाकट्यास,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, आज मनातून देववत नाहीये. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचे गुडघे होते तसेच आहेत. स्वयंपाकघरातला नळ गळायचा एकदाचा थांबला. समोरच्या टेलरबाईंनी दुकान दुसऱ्या मजल्यावर नेलं, त्यामुळे आईच्या संध्याकाळच्या गप्पा बंद पडल्यात, तिला जिने चढवत नाहीत. झाली खुशाली.

तुझं पत्र मिळालं. छापील नावाच्या जाड कागदावर घरच्यांना पत्र लिहिणारा आपल्या खानदानात तूच पहिला. "आईला तो एक शेअर विकायला सांग आणि पुढच्या वर्षी सभेला आणू नकोस, माझी अडचण होते. त्या दिवशी समोर दिवे होते, मला तुम्ही दिसलाच नाहीत." एवढंच, आणि खाली ती पुस्तकावर करतोस तशी लांबलचक सही. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस थांबले. आग काही उतरली नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आईला शेअरचं खूळ कोणी लावलं, ते आधी बघू. मी नाही लावलं. मी दवाखान्याच्या खिडकीत बसून केसपेपर काढणारी बाई, मला शेअर आणि शेवग्याची शेंग सारखीच. खूळ तू लावलंस. बाजारात नव्याने उतरणाऱ्यांच्या पन्नास प्रश्नांची उत्तरं देणारं तुझं ते पुस्तक निघालं तेव्हा तू कुरिअरने एक प्रत पाठवलीस. आईने आधी चष्मा पुसला, मग पहिलं पान उघडलं. तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, "प्रिय वाचकास, शुभेच्छांसह". आईने मला विचारलं, "वाचक म्हणजे मीच ना?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

ओळीखाली फूटपट्टी धरून ती रोज दोन पानं वाचायची. सुरुवात किती पैशांनी करावी, हा जुगार आहे का, भाव पडला की लगेच विकावं का, कंपनी बुडाली तर माझं काय होणार. प्रत्येक उत्तराला मान डोलवायची आणि म्हणायची, "मुद्द्याचं लिहितो हं." मी कामावरून दमून आले की मला धडा. शेअर कागदावर येत नाही, खात्यात असतो, हे कळल्यावर मात्र हिरमुसली. "मग तो आपलाच आहे हे ओळखायचं कसं?" म्हणाली.

आणि मग तिने तुला फोन केला. एकदा नाही, तीनदा. तुला आठवत नसेल, मला आठवतंय, कारण फोन स्पीकरवर होता. तिने विचारलं, "अरे, शेअर म्हणजे हिस्सा ना? मग नेमका कशाचा हिस्सा? इमारतीचा, यंत्राचा, की साबणाचा?" तू म्हणालास, "आई, तुला काय करायचंय या वयात? आराम कर." दुसऱ्यांदा म्हणालास, पुस्तकात आहे सगळं. तिसऱ्यांदा तुझ्या सेक्रेटरीने उचलला. लोक फी भरून तीन तास तुझी उत्तरं ऐकतात म्हणे, आणि जन्म देणारीला तीन मिनिटं मिळाली नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

पण पुस्तकात खरंच होतं. सदतिसावा प्रश्न. तू विसरला असशील म्हणून उतरवून पाठवते: "माझ्याकडे एकच शेअर असेल तर मला काही अधिकार असतो का? उत्तर: होय. एका शेअरचा धनीसुद्धा कंपनीचा मालक असतो. वार्षिक सभेत उभं राहून प्रश्न विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. संकोच करू नका." शेवटच्या तीन शब्दांखाली आईने पेन्सिलीने रेघ मारली आहे. दोनदा.

कंपनी कुठली घ्यायची, हा प्रश्न तिला पडलाच नाही. ज्या साबणाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पॅकिंगला होती, त्याच कंपनीचा एक शेअर. तिच्या नव्या चपलांच्या किमतीत बसला. मी खात्याचा कागद छापून आणून दिला. त्यावर तिचं नाव आणि पुढे १. तो कागद तिने सुया-दोऱ्याच्या डब्यात ठेवला.

शाळेत असताना तुझ्या डब्याला तिच्या हातांचा, त्या साबणाचा वास यायचा. मुलं नाकं मुरडायची म्हणून तू डबा न खाता परत आणायचास. ती डब्यावरून दोनदा हात फिरवायची आणि मुकाट्याने मला वाढायची. तुला मी तेव्हाही काही बोलले नाही. माझी ती सवयच, न बोलायची.

सभेचं निमंत्रण आलं तेव्हा ती आठ दिवस तयारी करत होती. प्रश्न कागदावर लिहिला, पाठ केला, मला म्हणून दाखवला. एका ओळीचा होता: पॅकिंगच्या बायकांना बसायला स्टुलं कधी देणार? टेलरबाईंची सून हल्ली तिथेच कामाला आहे, तिच्याकडून आईला कळलं होतं की तिथे अजून उभंच राहावं लागतं. आईच्या वेळी एकदा त्या सगळ्यांनी मिळून एक रिकामं खोकं उलटं करून ठेवलं होतं, आळीपाळीने टेकायला. सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी ते उचलून नेलं. तेव्हा आईला सातवा महिना होता. पोटात कोण होतं, ते तुला सांगायला नको.

दारावर पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाबरोबर आलात?" आईने कागद दाखवला आणि म्हणाली, "माझी मी आले." काय तोरा होता तिचा. प्रश्न विचारणाऱ्यांची चिठ्ठी तिनेच भरून दिली, फक्त खुर्ची नंबर लिहून. मग आम्ही बसलो, दिवे लागले, आणि प्रश्नांचा कार्यक्रम चालवायला कंपनीने बोलावलेले तज्ज्ञ म्हणून स्टेजवर कोण आलं? तू. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "अगं, आपला धाकटा. आता काही काळजीच नाही."

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. तुझ्या पत्रात ते नाही.

तिच्या हातात माइक आला. तू म्हणालास, "आपलं नाव?" आई तुझ्याकडे बघत होती. तू पुन्हा म्हणालास, "आजी, नाव सांगा." आणि धाकट्या, तू डाव्या कानाची पाळी धरलीस. दिवे होते म्हणे. लहानपणी खोटं बोलताना तू तीच पाळी धरायचास. तू तिला ओळखलंस, आणि तिनेही तुझी पाळी बघितली. म्हणून ती नाव न सांगता एवढंच म्हणाली, "माझा एक शेअर आहे."

सगळा हॉल हसला. तूही हसलास. म्हणालास, "बरं, एका शेअरच्या मालकीणबाई, विचारा." पुन्हा हशा. तिने सुरुवात केली, "पॅकिंगला ज्या बायका..." एवढंच झालं असेल, तू मध्येच म्हणालास, "हा कामगारांचा विषय आहे, इथे गुंतवणूकदारांचे प्रश्न घेतो. पुढचा प्रश्न." तो सूर मला चांगला ठाऊक आहे. मी दिवसभर खिडकीतून तोच सूर लावून माणसं पुढे ढकलते. पण मी आईला कधी ढकललं नाही, असं लिहिणार होते. तिथेच पेन अडलं आणि उठून चहा केला.

कारण माइक काढून घेतल्यावरही ती उभीच होती. कागद हातात, तोंड तुझ्याकडे. तू पुढच्या माणसाशी बोलत होतास. तिला वाटत असावं, तू वळशील. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "बसा हो आजी." आणि मी तिची बाही धरून तिला खाली ओढलं. "आई, बस. लोक बघतायत," म्हणाले. सव्वीस वर्षं ज्या बाईला कोणी बस म्हणालं नाही, तिला बस म्हणायला मला नेमका तोच क्षण सापडला. तेव्हा तुझ्यावरचा राग सगळाच तुझा नाही, त्यातला काही माझा माझ्यावरच आहे. पण म्हणून तुझा कमी होतो असं समजू नकोस.

घरी आल्यावर ती गरम पाण्यात पाय सोडून बसली आणि म्हणाली, "त्याचा कोट छान होता, नाही?" तेव्हा मला एवढा संताप आला की मी पाण्याची बादली उचलून मोरीत ओतली. पाय अजून शेकायचे होते तिचे.

आता तुझ्या दोन ओळींचं उत्तर. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, सगळं, सहीसकट. शेअर विकायला ती नाही म्हणाली. चिडून नाही, दूधवाल्याला उद्या नको म्हणावं तशी. "भाव पडला तरी घाबरून विकू नये, त्यानेच लिहिलंय," म्हणाली. तुझं पुस्तक ती अजूनही खरं मानते. तू मानत नसशील तर निदान ते विकू नकोस.

आणि परवा मी एक शेअर घेतला. त्याच कंपनीचा. पहिल्या प्रश्नापासून तुझंच पुस्तक वाचून घेतला. पुढच्या वर्षी आम्ही दोघी येणार. तिला बोलू दिलं नाहीस तर मी उभी राहीन, आणि मला नाव विचारलंस तर मी नाव सांगेन, बापाचं सांगेन, आणि तुझं माझं नातं काय तेही सांगेन. माझी बाही ओढायला तिथे कोणी नसेल.

आईचं तसं नाही. काल झोपताना तिने मला एक प्रश्न विचारला. तुझे पन्नासही प्रश्न मी चाळले, हा त्यात नाही. ती म्हणाली, "पुढच्या वेळी त्याने नाव विचारलं तर काय सांगू गं? खरं सांगितलं तर त्याला चालेल का?"

मला उत्तर येत नाही. तिला तू सांग. फोनवर नको, कागदावरही नको, इथे येऊन सांग. आपल्या घरात खुर्च्या आहेत.

तुझी ताई,
दुसऱ्या एका शेअरची मालकीणबाई