आईच्या डोळ्यांतला पिवळा रंग

ठमे,

तुझ्या आईला घेऊन दवाखान्यात जातोय. घाबरू नकोस, स्वतःच्या पायांनी चालत येतेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, गरम करून घे.

तुझ्या कॅमेऱ्याची नवी लेन्स तुला न विचारता वापरली. काचेच्या तुकड्यात एवढे पैसे घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे मला सिद्ध करायचं होतं. आईला खिडकीशी बसवून एक फोटो माझ्या लेन्सने काढला, एक तुझ्या. माझी म्हातारी लेन्स सगळ्यांनाच पिवळट दाखवते. म्हणून स्टुडिओत मी प्रत्येक फोटोतला पिवळा रंग सवयीने कमी करतो. आईच्याही फोटोंतला करत आलोय.

तुझ्या लेन्सनेही आईचे डोळे पिवळे आले. मी खूश! म्हटलं, महागाची बाई नापास झाली. मग फोटोतली मागची भिंत पाहिली. ती पांढरीशुभ्र होती.

तेव्हा कुठे मी मान वर करून आईकडे पाहिलं. दोन महिने ती "थकवा वाटतो" म्हणतेय आणि मी "चहा कमी कर" म्हणतोय.

लेन्स कपाटात ठेवलीय. पुसली ती तुझ्याच मऊ फडक्याने, माझ्या शर्टाने नाही. तिचे पैसे वसूल झाले. हे तोंडावर कबूल करायला मला जमलं नसतं.

एक काम कर. डॉक्टर विचारतील, हे कधीपासून आहे. तुझ्या मोबाइलमधले आईचे फोटो बघून मला कळव. माझ्याकडच्या सगळ्या फोटोंत ती ठणठणीत दिसते.

बाबा