दीड बोट

नेकनूर
१२ एप्रिल १९८७

तीर्थरूप दादांस,

सत्यभामेचा साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, आपल्या धाकट्या ताराला आशीर्वाद.

इकडे उन्हाने कहर केलाय. गावातल्या विहिरी आटल्या, पण आमच्या दारात टँकर येतो. हे दूध सोसायटीचे चेअरमन, त्यामुळे जनावरांची पेंडही घरपोच. तुम्हाला याचंच कौतुक. म्हणून ताराही याच घरात, माझ्या दिराला, बंकटला द्यायची ठरवलीत. दोघी बहिणी एका चुलीवर राहतील, म्हणून वहिनीही खूश.

माझं दुखणं विचारलं होतंत. आधी कान ठणकायचा म्हणून कानात तेल घातलं. मग दाढेचं दुखणं समजून चांगल्या दोन दाढा उपटल्या. दाढा गेल्या, ठणका राहिला. शेवटी बीडचे दातांचे डॉक्टर म्हणाले, जबड्याचा सांधा बिघडलाय. कानापुढे बोटं ठेवून तोंड उघडायला लावलं, तर आत कट्ट वाजलं. धड माणसाच्या तोंडात तीन बोटं मावतात म्हणे, माझ्या तोंडात दीड. सकाळी कानशील जड होतं, जांभई देताना जबडा अडकतो, तेही त्यातलंच.

"कधी मार लागला होता का?" त्यांनी विचारलं. हे शेजारीच बसले होते. मी म्हणाले, पायरीवरून पडले.

दादा, तुम्ही आमचं घर पाहिलंय. दाराला पायरी नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, डॉक्टरनं काय बघितलं? मी करून दाखवलं. त्यांनी माझीच बोटं धरून स्वतःच्या कानापुढे ठेवली आणि तोंड उघडलं.

"वाजतंय नव्हं? लई वर्सं झाली. मालकाचा हात जड व्हता."

मी म्हणाले, यांचाही तसाच आहे. एवढी वर्षं एका घरात राहून आम्ही हे कधी बोललो नव्हतो.

"बंकटचा दोघांवून जड हाय," त्या म्हणाल्या. "माजंच लेकरू हाय, पर सांगते. तुज्या भावाला कळीव."

गेल्या खेपेला आम्हा दोघींना दुधात भाकरी कुस्करून खाताना पाहून तुम्ही हसलात. सोसायटीवाल्यांच्या बायकांचे लाड, म्हणालात. मला तेव्हा तुमचा फार राग आला होता. लाड नव्हते, दादा. आम्हाला चावता येत नाही.

आपली तारा फुटाणे कडाकडा खाते. तिला टँकरच्या पाण्यासाठी इथे देऊ नका. दुसरीकडे डोक्यावर हंडे वाहील, पण धड जेवेल. गुरुवारी सुपारी फोडायला येऊ नका.

तुमची बहीण,
सत्यभामा

ता. क. हे पत्र सासूबाई स्वतः टपालात टाकणार आहेत. उत्तर धाडू नका, घरात आलेली पत्रं आधी हे वाचतात. गुरुवारी मी दारात उभी राहीन. तुम्ही आला नाहीत, की उत्तर पोचलं.